देवमाशाचा वाटा

१९८६च्या मार्चपासून फेरो बेटांवरच्या तिन्ही इस्पितळांत बाळंतपणाच्या कामात थोडी भर पडली. मूल जन्मलं, नाळ कापली, की नाळेतलं थोडं रक्त नळीत काढून ठेवायचं. आईच्या केसांची बारीक बट मुळाशी कापून पाकिटात घालायची. मग बाई जरा सावरली की विचारायचं: आठवड्यात मासे किती वेळा खाता? सिगारेट ओढता का? आणि महिन्यातून किती वेळा देवमासा जेवता? पुढच्या वर्षाच्या डिसेंबरापर्यंत १०२२ बाळंतपणांच्या नोंदी जमल्या. त्या काळात बेटांवर जन्मलेल्या दर चार बाळांपैकी तिघांची नाळ या नोंदवहीत आली.

त्याच १९८६ साली त्याच बेटांच्या समुद्रात एक गाजलेलं प्रकरण चाललं होतं. पॉल वॉटसन यांच्या सी शेफर्ड संघटनेचं जहाज देवमाशांची शिकार थांबवायला आलं होतं. फेरोच्या पोलिसांच्या बोटी त्याच्या मागे लागल्या, अश्रुधूर सुटला, सोबतच्या कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं. जगाला फेरो बेटं ठाऊक झाली ती अशा चित्रांतून: लाल झालेली खाडी, कमरेएवढ्या पाण्यात सुरे घेऊन उभे असलेले पुरुष. नळ्या आणि केसांची पाकिटं कोणाच्या नजरेस पडण्याचं कारण नव्हतं. पण फेरोच्या ताटातला देवमासा कमी कोणी केला, असं मला कोणी विचारलं तर मी त्या पाकिटांकडे बोट दाखवीन. जहाजाने झाला असेल तर उलटाच परिणाम झाला.

नॉर्वे, आइसलँड आणि स्कॉटलंड यांच्या मधोमध, उत्तर अटलांटिकात ही अठरा बेटं आहेत. झाड जवळजवळ नाही, धान्य धड पिकत नाही. बटाटा, मेंढ्या, कड्यांवरचे समुद्रपक्षी, मासे आणि ग्रिंड. ग्रिंड म्हणजे पायलट व्हेलचा कळप. म्हणायला व्हेल, कुळाने डॉल्फिनच. पाच-सहा मीटर लांब, काळाकुळकुळीत, म्होरक्याच्या मागे गठ्ठ्याने पोहणारा. हाच गठ्ठ्याने पोहण्याचा स्वभाव त्याच्या मुळावर आला. कळप दिसला की पूर्वी डोंगरावर जाळ पेटवत, आता फोन आणि रेडिओवरून वर्दी जाते. होड्या अर्धवर्तुळ करून, दोरीला बांधलेले दगड पाण्यात आपटत कळपाला ठरलेल्या खाडीत हाकतात. किनाऱ्यावर गाव वाट पाहत असतं. जनावर उथळ पाण्यात अडकलं की मानेमागे वार करून मज्जारज्जू तोडायचा. जुने अणकुचीदार आकडे मागे पडून नाकपुडीत अडकवायचा बोथट आकडा १९९०च्या दशकात आला आणि २०१५पासून मारण्यासाठी खास भाल्यासारखं हत्यार सक्तीचं झालं. ही सुधारणा बाहेरच्या टीकेमुळे झाली, हे मात्र जहाजवाल्यांच्या खात्यावर मांडायला हरकत नाही.

मारण्याचं चित्र जगभर फिरलं. त्यानंतर जे होतं, ते बघायला कोणी थांबत नाही, आणि मला तर तेच जास्त बोलकं वाटतं. मेलेले मासे धक्क्यावर ओळीने मांडतात. मोजपट्टीची काठी लावून प्रत्येकाचं माप ‘स्किन’ या जुन्या एककात काढतात. एक स्किन म्हणजे मांस आणि चरबी मिळून साधारण सत्तर किलो. माशाच्या अंगावर नंबर कोरतात. मग तिथला अंमलदार हिशेब करतो: होडीवाले किती, किनाऱ्यावरचे किती, कळप पहिल्यांदा कोणी पाहिला, गावात घरं किती. ज्याने कळप पाहिला त्याचा मान मोठा. प्रत्येकाला चिठ्ठी मिळते, तिच्यावर माशाचा नंबर आणि वाटा. ज्यांचे नंबर एकाच माशावर, ते मिळून तो मासा कापतात. पैशाचा व्यवहार नाही. वृद्धाश्रमांनाही वाटा जातो. घरी मांस मिठात घालतात, किंवा फटी ठेवून बांधलेल्या लाकडी खोपटात टांगून वाऱ्यावर सुकवतात. काळं मांस, पांढरी चरबी आणि उकडलेला बटाटा, हे त्या बेटांचं जेवण.

आणि याची कागदपत्रंही जुनी. १२९८ सालच्या ‘मेंढीपत्र’ नावाच्या कायद्यात किनाऱ्याला लागलेल्या आणि हाकून आणलेल्या देवमाशांवर हक्क कोणाचा याचे नियम आहेत. शिकारीच्या नोंदी १५८४पासून सापडतात, १७०९पासून तर एकही वर्ष न चुकता. तीनशे वर्षांची सरासरी वर्षाला आठशेच्या आसपास भरते. प्राणिशास्त्रज्ञांना इतकी लांब आणि अखंड नोंद दुसरीकडे क्वचितच मिळेल. मारणाऱ्यांनीच ती नेटाने ठेवली, कारण वाटा न्याय्य पडायला हवा होता.

या वाट्यात पारा कधी शिरला, ते कोणालाच कळलं नाही. फेरोत अवजड कारखानदारी नाही. पारा सुटला तो दूरच्या कोळशाच्या भट्ट्यांतून, क्लोरीनच्या कारखान्यांतून, सोनं गाळणाऱ्यांच्या शेगड्यांतून. हवेतून तो समुद्रावर उतरला. पाण्यातल्या जिवाणूंनी त्याचा मिथाइल पारा केला आणि हे रूप एकदा शरीरात गेलं की लवकर निघत नाही. सूक्ष्म जीव, लहान मासा, माकूळ अशा एकेका पायरीने तो साठत जातो. पायलट व्हेलचं मुख्य खाणं माकूळ, आणि आयुष्य कित्येक दशकांचं. त्याच्या मांसात ग्रॅममागे सरासरी दोन मायक्रोग्रॅम पारा भरला. माशांसाठी युरोपात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, मोठ्या शिकारी माशांसाठी एक, ही मर्यादा. यकृत आणि मूत्रपिंडात तर याच्या कित्येक पट. १९८०च्या सुमारास केलेल्या पाहणीत फेरोचा माणूस दिवसाला सरासरी बारा ग्रॅम मांस आणि सात ग्रॅम चरबी खात होता. सरासरी म्हणजे अर्थातच फसवी गोष्ट. कळप आला की गाव आठवडाभर तेच जेवायचं, मग महिनोन्‌महिने नाही.

१९७७मध्ये बेटांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी पहिला सल्ला दिला: देवमाशाचं जेवण आठवड्यातून एकदाच, यकृत आणि मूत्रपिंड अजिबात नको. त्याआधी जगाने मिनामाता पाहिलं होतं. १९५६ साली जपानच्या त्या खाडीकाठी माणसं थरथरायला लागली. जवळच्या रसायन कारखान्याचा पारा माशांतून ताटात आला होता. तिथे डॉक्टरांना चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की आईला फारसं काही झालेलं नसायचं आणि मूल मात्र जन्मतःच लुळं. नंतर १९७१-७२मध्ये इराकमध्ये पारा लावलेलं बियाणं लोकांनी दळून खाल्लं आणि हजारो आजारी पडले. दोन्हीकडे मात्रा प्रचंड. थोडा पारा, रोजच्या जेवणातला, पोटातल्या बाळाचं काय करतो, हा प्रश्न उरला होता.

फेरोचे डॉक्टर पाल वाइहे आणि डेन्मार्कचे फिलिप ग्रांजाँ यांनी तो उचलला. जागा अशी की प्रयोगशाळेत मांडूनही इतकी नेटकी मिळणार नाही. शाळा सारख्या, दवाखाने सारखे, राहणीमानात फार तफावत नाही. १९०७च्या सार्वमताने आलेली दारूविक्रीची बंदी १९९२पर्यंत चालू होती, त्यामुळे गरोदरपणातल्या दारूने हिशेब बिघडण्याची भीतीही कमी. एका घरात महिन्यातून चारदा देवमासा शिजतो, शेजारच्या घरी एकदाही नाही; फरक तेवढाच. वाइहे स्वतः त्याच जेवणावर वाढलेले.

मुलं सात वर्षांची झाली तेव्हा, १९९३-९४मध्ये, त्यातली ९१७ तपासणीला आली. काळ वाईट होता. बेटांवरच्या बँका नुकत्याच बुडाल्या होत्या, बेकारीने कुटुंबंच्या कुटुंबं डेन्मार्कला निघाली होती, आणि अशा दिवसांत किनाऱ्यावर फुकट मिळणारं मांस म्हणजे काय, ते सांगायला नको. तपासणीची खोली मात्र शांत. मुलाला चित्रं दाखवायची: याला काय म्हणतात? ठरलेल्या वेळात बोटाने कळ किती वेळा दाबता येते? शब्दांची यादी ऐकून थोड्या वेळाने किती आठवतात? कानात टिकटिक वाजवून मेंदूपर्यंत लहर पोचायला लागलेला वेळ यंत्राने मोजायचा.

निकाल १९९७मध्ये छापून आला. एकही मूल डोळ्यांना आजारी दिसत नव्हतं. पण नाळेच्या रक्तात पारा जितका जास्त, तितकी भाषा, लक्ष आणि स्मरण मागे. ढोबळ हिशेब असा, की पारा दुप्पट झाला की मूल वयाच्या मानाने दीड-दोन महिने मागे पडतं. ज्या आयांच्या केसांतला पारा तोवर निर्धोक मानलेल्या पातळीच्या आत होता, त्यांच्या मुलांतही हा कल दिसला. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासलं, बाविसाव्या वर्षी पुन्हा. फरक भरून निघाला नव्हता.

दीड-दोन महिने म्हणजे काय मोठं, असं कोणी म्हणेल. एका मुलाच्या बाबतीत ते आईलाही कळणार नाही. पिढीच्या बाबतीत कळतं. आणि दुसऱ्या देशांच्या सरकारांना तर फारच लवकर कळलं, कारण प्रश्न आता कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांपर्यंत जाणार होता. अमेरिकेच्या रोचेस्टर विद्यापीठाचे संशोधक त्याच सुमारास सेशेल्स बेटांवर असाच अभ्यास करत होते. तिथल्या बायका रोज मासे खाणाऱ्या, केसांत पारा भरपूर, तरी मुलांत नुकसान सापडलं नाही. मग दोन बेटांची झुंज लागली. फेरोच्या निकालांवर आक्षेप असा, की चरबीत पीसीबी नावाची दुसरी विषारी रसायनं आहेत, दोष त्यांचा असेल. शिवाय देवमासा एकदम भरपेट खाल्ला जातो, मासे रोज थोडे. माशांतली पोषक द्रव्यं पाऱ्याचं नुकसान झाकत असतील. आक्षेप पोकळ नव्हते. २०००मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने दोन्ही बाजू तपासल्या आणि नियमाचा पाया म्हणून फेरोचा अभ्यास धरावा असं सांगितलं. तिथली मर्यादा ठरली ती दिवसाला, शरीराच्या किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या बाईला सहा मायक्रोग्रॅम. पायलट व्हेलच्या भाषेत सांगायचं तर तीन ग्रॅम मांस. त्यातला सगळा पारा मिथाइल नसतो म्हणून सूट दिली तरी सहा ग्रॅम.

बेटांवर मात्र आकड्याचं शिफारसीत रूपांतर करायचं होतं, आणि तिथे वाइहेंची खरी परीक्षा होती. १९९८च्या सल्ल्याचा मसुदा वाचला की त्यामागे शरीराची किती बारीक जाण आहे ते दिसतं. मोठ्यांनी महिन्यातून दोनदाच खावं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि तीन महिन्यांत दिवस राहावेत असं वाटणाऱ्या बायकांनी मांस सोडावं. मुलींनी आणि बायकांनी आपली सगळी मुलं होईपर्यंत चरबीला हात लावू नये. दोन्हींसाठी मुदत वेगळी, कारण पारा शरीरातून दीड-दोन महिन्यांत निम्म्यावर येतो, तेव्हा आधी काही महिने जपलं तरी बरंच साधतं. पीसीबी मात्र अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं बसून राहतं, दहा वर्षांच्या मुलीने खाल्लेलं तिच्या बाळाला पोचतं. बंदी नाही, दंड नाही. तरुण बायकांना पत्रं गेली: तुमचे केस पाठवा, तुमच्यातला पारा किती ते सांगतो. मागाहून पुन्हा केस मागवले तेव्हा पारा उतरलेला होता. नंतरच्या बाळंतपणांत नाळेतला पाराही घसरत गेला. बायकांनी गाजावाजा न करता ताट बदललं होतं. वाटा घरी येतच होता, तो पुरुष आणि म्हातारी माणसं खात होती.

ऑगस्ट २००८मध्ये वाइहे आणि बेटांचे मुख्य आरोग्य अधिकारी होग्नी देबेस योएन्सेन यांनी शेवटचं पाऊल उचललं. त्यांनी सरकारला लिहिलं की पायलट व्हेल आता माणसाने खाण्याजोगा राहिलेला नाही, कोणीच खाऊ नये. तोवर यादी लांबली होती: मुलांचा मेंदू, रक्तदाब, लसीला मिळणारा प्रतिसाद, म्हातारपणी पार्किन्सन. फेरोत पार्किन्सनचं प्रमाण अपेक्षेच्या दुप्पट निघालं होतं. या माशाने शतकानुशतकं बेटांना जगवलं याची जाणीव त्या पत्रात होती, आणि हे सांगताना वाईट वाटतं असंही दोघांनी नोंदवलं होतं. सरकारने शिफारस जशीच्या तशी घेतली नाही. अन्नसुरक्षा खात्याने पुन्हा तपासणी करून २०११मध्ये मधला मार्ग काढला: महिन्यातून एकदा. गरोदर बायकांसाठीची पथ्यं तशीच. शिकार चालूच.

इथे राजकारण गुंतागुंतीचं झालं. १९४६च्या सार्वमतात फेरोने डेन्मार्कपासून सुटण्याच्या बाजूने अगदी निसटता कौल दिला, १९४८मध्ये स्वराज्य मिळालं, १९७३मध्ये डेन्मार्क युरोपीय समुदायात गेला तेव्हा फेरो बाहेर राहिला. ज्या लोकांची भाषाच कालपरवापर्यंत शाळेत दुय्यम होती, त्यांना ‘तुमचं जेवण रानटी आहे’ असं कोणी जहाजातून ओरडून सांगितलं की जेवण हा अभिमानाचा विषय होतो. सी शेफर्ड २०१४मध्ये मोठ्या तयारीने परत आली, कार्यकर्ते पकडले गेले, डॅनिश नौदल शिकाऱ्यांच्या बाजूने उभं राहिलं. देवमासा ताटात ठेवणं म्हणजे नमतं न घेणं, असा अर्थ त्याला चिकटला. आणि बाहेरच्यांनी वाइहेंचे आकडे हत्यार म्हणून उचलले. वाइहे सांगत राहिले की मारणं योग्य की अयोग्य हा आपला विषय नाही, आपण फक्त खाण्याबद्दल बोलतो. हे दोन विषय वेगळे ठेवण्याचा त्यांचा आग्रह मला शास्त्रज्ञाची सावधगिरी वाटत नाही. तोच त्यांचा डावपेच होता आणि तो बरोबर होता. ज्या दिवशी ते जहाजवाल्यांच्या बाजूने बोलले असते, त्या दिवशी केसांची पाकिटं येणं थांबलं असतं.

जपानच्या ताइजी गावात उलटा क्रम घडला. तिथे २००७मध्ये गावच्याच दोन नगरसेवकांनी शाळेच्या जेवणातल्या डॉल्फिनच्या मांसातला पारा उघड केला. २००९च्या ‘द कोव्ह’ या चित्रपटाने तो जगापुढे नेला. २०१०मध्ये मिनामाता रोगाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने ११३७ गावकऱ्यांचे केस तपासले. पारा देशाच्या सरासरीच्या चौपट होता, पण आजाराची स्पष्ट लक्षणं नाहीत असं जाहीर झालं. प्रौढांची तपासणी ती. नाळेतल्या रक्ताचा प्रश्न त्या वादात मागेच राहिला.

फेरोत पुढचा मोठा धक्का बसला तो १२ सप्टेंबर २०२१ला. स्काला फ्योर्डमध्ये एका दिवसात चौदाशेहून जास्त पांढऱ्या कुशीचे डॉल्फिन मारले गेले, आधीचा १९४०चा बाराशेचा विक्रम मोडून. या वेळी बेटांवरचेच लोक चिडले. इतकं मांस कोण खाणार? हाताशी माणसं कमी, मारायला वेळ लागला. फेरोचा आजचा बराचसा पैसा मत्स्यशेतीतल्या सॅल्मन माशातून येतो, आणि त्या कंपन्यांनी उघड नाराजी दाखवली, कारण परदेशी दुकानदारांचे फोन त्यांना येत होते. पुढच्या वर्षी सरकारने या डॉल्फिनवर वर्षाला ५००ची तात्पुरती मर्यादा घातली. पायलट व्हेलवर नाही.

त्या १०२२ नाळांचा हिशेब मात्र बेटांबाहेर बराच पुढे गेला. २०१३ साली जपानच्या कुमामोतोत मिनामाता करार झाला, पाऱ्याचा वापर आणि उत्सर्जन आवरणारा; भारताने तो २०१८मध्ये मंजूर केला. गरोदर बाईने कोणता मासा किती खावा याची कोष्टकं अनेक देशांत फेरोच्या आकड्यांवर बेतलेली आहेत, आणि त्यांत शार्क जवळजवळ नेहमीच ‘टाळा’च्या रकान्यात असतो. शार्क म्हणजे आपली मोरी. कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण देतात, प्रेमाने, तिखट कमी घालून. लहान मोरीत पारा मोठ्या शार्कपेक्षा कमी असतो, पाण्याप्रमाणेही फरक पडतो, तेव्हा लगेच भांडं उपडं करायचं कारण नाही. पण सासूबाईंना हे सांगायचं कोणी आणि कसं, याची फेरोतल्या बायकांना आलेली अडचण रत्नागिरीतल्या सुनेला समजावून द्यावी लागणार नाही.

फेरोत नव्या बाळांच्या नोंदी पुढेही घेतल्या गेल्या. २०१२मध्ये त्यांच्याच रक्तातून ग्रांजाँ आणि वाइहे यांनी दुसरंच काही शोधलं: तव्याच्या न चिकटणाऱ्या लेपात आणि पावसाळी कपड्यांत वापरली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायनं रक्तात जास्त असलेल्या मुलांमध्ये धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशी कमी लागू पडतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२०मध्ये या रसायनांची मर्यादा ठरवली, ती मुलांच्या लसीला मिळणाऱ्या प्रतिसादावरच बेतून. देवमाशात तीही सापडतात.